बिल नावाची साक्ष



आज ज्या वस्तूविषयी लिहावयाचे आहे ती एक नळी आहे. लांबी सुमारे सहा फूट, जाडी अंगठ्याएवढी, आणि तिच्या अंगात वेटोळे घालून बसविलेली एक बारीक तार. वीज सुरू केली की तार तापते आणि नळीतून जाणारी हवा उबदार राहते. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेले रुग्ण रात्री ती वापरतात. एवढ्याशा वस्तूत नीतीचा प्रश्न कोठून आला, असे आपण विचाराल. गेल्या नाताळापर्यंत मलाही तो ठाऊक नव्हता.

माझा एक भाचा हैदराबादला एका कंपनीत नोकरीस आहे. अमेरिकेतील रुग्णांची बिले तयार करून ती तिकडच्या विमा योजनांकडे पाठवावयाची, हा त्या कंपनीचा व्यवसाय. हे काम आपल्याकडे आता नवे राहिलेले नाही. पुणे, मुंबई, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद येथे हजारो तरुण-तरुणी ते करीत असतात. वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरीही असा मुलगा किंवा मुलगी असेल. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. त्यामुळे ही मुले रात्रभर जागतात, आणि पहाटे दाराची कडी वाजली की आईचा जीव भांड्यात पडतो. दुसऱ्यांच्या झोपेची बिले आपली झोप मोडून लिहावयाची, असा हा प्रकार. तो विषय मात्र वेगळा.

नाताळाच्या सुटीत भाचा घरी आला होता. दोन दिवस नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अंगणात बसलो असता त्याने विचारले, “मामा, तुम्ही सारी नोकरी इस्पितळाची बिले लिहिण्यात काढलीत. वस्तू खरी, रुग्ण खरा, कोडही खरा, तरीसुद्धा बिल खोटे असू शकते का?”

मी म्हणालो, “आधी काय झाले ते सांग.”

त्याने सांगितले ते असे. अमेरिकेतील एका थंड प्रदेशात सत्तरी ओलांडलेली एक बाई राहते. तिचे नाव-गाव त्याने सांगितले नाही, आणि ते सांगावयाचेही नसते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याविषयी तिकडे १९९६ सालापासून कायदाच आहे. ही बाई रात्री यंत्र लावून झोपते. दर तीन महिन्यांनी पुरवठादाराचा माणूस तिला फोन करून नवी नळी हवी काय, असे विचारतो. या खेपेच्या संभाषणाची नोंद अशी होती : जुनी नळी चांगली चालते आहे, पण विम्यातून मिळतेच आहे तर पाठवून द्या. नळी गेली. तिच्या पैशांचा दावा भाच्यापुढे आला. कोड बरोबर होता, डॉक्टरांची चिठ्ठी होती, तीन महिने उलटले होते आणि पोहोच झाल्याची सही होती. त्याने दावा पुढे पाठविला. रात्रभरात असे कितीतरी पाठवावे लागतात. पण ती नोंद मात्र त्याच्या मनातून गेली नाही.

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी आपण ती नळी नीट समजून घेऊ. ज्या वस्तूचा उपयोग आपल्याला कळत नाही तिला फसवणुकीची वस्तू म्हणून मोकळे होणे सोपे असते.

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. परंतु काही माणसे घोरता घोरता मध्येच गप्प होतात, आणि ती शांतता घोरण्यापेक्षा वाईट असते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते आणि दहा सेकंद किंवा त्याहून अधिक काळ हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू उतरतो. मग मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागे करतो, तो एक मोठा श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. तासाला तीस वेळा किंवा त्याहून अधिक असे घडत असेल तर विकार तीव्र मानतात. स्लीप ॲप्निया हे त्याचे नाव. असा माणूस दिवसा पेंगतो, गाडी चालविताना त्याचा डोळा लागतो, रक्तदाब आणि हृदयविकार बळावतात.

तीव्र विकारावर पूर्वी मोठा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडणे. १९८१ साली ऑस्ट्रेलियातील सिडनीचे डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक साधा मार्ग मांडला. नाकावाटे सतत थोड्या दाबाने हवा आत सोडावी, म्हणजे तीच हवा घशाची वाट आतून उघडी धरून ठेवते. आज ज्याला सीपॅप म्हणतात ते हेच यंत्र. शेजारच्या मेजावर एक लहान पेटी, तोंडावर मुखवटा, आणि दोहोंना जोडणारी नळी.

रात्रभर जोराने येणाऱ्या हवेने नाक-घसा कोरडा पडतो. म्हणून यंत्रात पाण्याची लहानशी टाकी आणि ते पाणी तापविण्याची सोय असते. पण खोली थंड असली की ही उबदार, ओलसर हवा मुखवट्यापर्यंत पोहोचेतो नळीतच निवते आणि चहाच्या पातेल्यावरील झाकणाला धरतात तसे थेंब आत धरतात. नळीत पाणी खुळखुळते आणि मध्यरात्री थेट नाकावर येते. तापणाऱ्या तारेची नळी आली ती यावर उपाय म्हणून. ज्याच्या घरी बाहेर बर्फ पडते आहे आणि रात्री खोली गारठते आहे, त्याला ही नळी चैनीची वस्तू वाटत नाही. तिच्यामुळे कोणी यंत्र लावून झोपू शकतो, आणि तिच्यावाचून कोणी ते कपाटात ठेवून देतो.

आता हिशेबाकडे येऊ. अमेरिकेत पासष्ट वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर नावाची सरकारी विमा योजना आहे. अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी तिच्या कायद्यावर सही केली. अशा उपकरणांच्या बाबतीत वर्षाची ठराविक रक्कम रुग्णाने स्वतः भरल्यावर मंजूर किमतीचे ८० टक्के योजना देते व २० टक्के रुग्ण देतो, किंवा त्याचा दुसरा एखादा विमा देतो. प्रत्येक वस्तूला कोड आहे. साधी नळी ए-७०३७, तापणारी नळी ए-४६०४. दुसरीचे पैसे अर्थातच जास्त. किती दिवसांनी काय बदलून मिळू शकते याचे कोष्टकही ठरलेले आहे : टाकून द्यावयाची गाळणी महिन्याला दोन, पाण्याची टाकी सहा महिन्यांना एक, नळी तीन महिन्यांना एक.

येथे थोडे थांबू. कारण सारा प्रश्न या कोष्टकाच्या वाचनात आहे. तीन महिन्यांना एक नळी म्हणजे सर्वसाधारणपणे अधिकात अधिक एक, असा त्याचा अर्थ आहे. दर तीन महिन्यांना एक दिलीच पाहिजे असे त्यात नाही. उलट योजनेचे नियम स्पष्ट सांगतात की, पुरवठादाराने माल आपोआप पाठवू नये. आधी रुग्णाशी बोलावे. आणि नळी-मुखवट्यासारख्या वापरून न संपणाऱ्या वस्तू अजून चालतात किंवा नाही ते पाहून, चालेनाशा झाल्या असतील तरच बदलून द्याव्यात. पण मर्यादा एकदा कोष्टकात छापली की काही दिवसांनी तिचे वेळापत्रक होते. गणकयंत्राला तारीख कळते, पण नळी फाटली आहे की नाही ते कळत नाही.

हे केवळ माझ्या भाच्यापुरते नाही. अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने २०१८ साली एक तपासणी अहवाल प्रसिद्ध केला. २०१४ व २०१५ या दोन वर्षांत या यंत्रांच्या बदली साहित्यासाठी आलेल्या दाव्यांपैकी ११० दावे नमुन्यादाखल तपासले गेले. त्यांपैकी ८६ नियमांत बसले नाहीत. त्यावरून सुमारे ६३ कोटी डॉलर नियमबाह्य दिले गेले असावेत असा अंदाज त्या कार्यालयाने केला. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, नियमात न बसणे म्हणजे प्रत्येक वेळी लबाडी नव्हे. पुष्कळ ठिकाणी चिठ्ठी नव्हती, पोहोच नव्हती, किंवा रुग्णाने काय मागितले त्याची पुरेशी नोंद नव्हती. कोणाला नळी खरोखर हवी होती आणि कोणाला नाही, हे अशा फायलींवरून कोणालाच सांगता येत नाही. मला तर तीच गोष्ट अधिक गंभीर वाटते.

पुरवठादारांची बाजूही ऐकली पाहिजे. २०११ पासून मेडिकेअरने काही भागांत आणि २०१३ पासून अधिक विस्तृत प्रदेशांत स्पर्धात्मक निविदा मागविल्या. त्यामुळे या वस्तूंचे दर खाली आले. माणसे ठेवायची, फोन करायचे, यंत्र कसे लावावे ते शिकवायचे, आणि उत्पन्न मात्र नळी-मुखवट्यावर, अशी त्यांची तक्रार असते. शिवाय ते म्हणतात की, रुग्णाला नळीची बारीक चीर दिसत नाही, आतील मळ दिसत नाही. नवे साहित्य आले की त्याचा उत्साह टिकतो आणि तो उपचार सोडत नाही. यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. इस्पितळाच्या हिशेबखात्यात जो बसला आहे तो असल्या युक्तिवादांना हसत नाही. त्याने ते स्वतः केलेले असतात. माझे मी पुढे सांगतो.

मग खोटे कोण बोलले? फोन करणाऱ्याने विचारले. बाईने खरे ते सांगितले. नोंद करणाऱ्याने तेच लिहिले. डॉक्टरांनी चिठ्ठी पूर्वीच दिली होती. माझ्या भाच्याने योग्य तोच कोड घातला. एकाही माणसाच्या तोंडून एकही असत्य वाक्य आले नाही.

सिसेरोने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात ऱ्होड्स बेटावरील व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले आहे. बेटावर दुष्काळ आहे, हा धान्य घेऊन आला आहे, आणि मागून आणखी गलबते येत आहेत हे त्याला माहीत आहे. त्याने ते सांगावे की गप्प राहून चढ्या भावाने विकावे? सिसेरोचा कौल सांगण्याच्या बाजूचा आहे. परंतु त्या उदाहरणात घेणारा भुकेला आहे आणि पैसे त्याच्या कमरेला आहेत. आपल्या गोष्टीत घेणाऱ्या बाईला भूक नाही, आणि पैसे बहुतांशी दुसऱ्याचे. जो देणार तो या खोलीतच नाही. ज्याच्याशी खरे बोलावयाचे तोच समोर नसला म्हणजे खरे-खोटे कोठे शोधावयाचे?

माझे मत असे की, ते बिलात शोधावे. बिल म्हणजे नुसती किमतीची चिठ्ठी, असे आपण समजतो. दुकानात ती तशी असतेही. पण जेथे एक माणूस वस्तू घेतो आणि दुसरा पैसे देतो, तेथे बिल ही साक्ष होते. मेडिकेअरच्या मूळ कायद्यातच असे आहे की, जे उपचारासाठी वाजवी आणि आवश्यक असेल त्याचेच पैसे द्यावेत. तेव्हा ए-४६०४ एवढे एक अक्षर आणि चार आकडे जेव्हा दाव्यावर उमटतात, तेव्हा ते “नळी दिली” एवढेच सांगत नाहीत. “या रुग्णाला ही नळी लागत होती” असे ते दूर बसलेल्या देणाऱ्याला सांगतात. त्याच्याकडे डोळे नाहीत. त्याला फाटलेली नळी दिसत नाही, चांगली नळीही दिसत नाही. त्याला फक्त कोड दिसतो आणि तो त्यावर विश्वास ठेवतो. प्रत्येकाने आपल्यापुरते खरे सांगितले. पण त्या सर्वांनी मिळून जे कळविले ते खरे नव्हते. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण लहानपणापासून ऐकतो आणि डोळ्यांपुढे न्यायालयाचा पिंजरा आणतो. तीत हिशेबाचे मेजही येते, हे मला फार उशिरा कळले.

आता माझी गोष्ट. मी एका मिशन इस्पितळाच्या हिशेबखात्यात तेवीस वर्षे होतो. आमच्याकडे दोन प्रकारचे रुग्ण येत. एक, स्वतःच्या खिशातून देणारे. त्यांची बिले आम्ही शक्य तेवढी काटछाट करून लिहीत असू. दुसरे, कारखान्यातील कामगार. त्यांचे पैसे कंपनी परत करी. त्यांच्या बिलात कापूस, हातमोजे, सुया सारे सविस्तर येई, आणि कधी कधी अर्धी वापरलेली बाटली पूर्ण लिहिली जाई. उरलेली अर्धी गरिबांच्या वॉर्डात जाई. आम्ही कोणी त्यातला एक पैसा घरी नेला नाही. उलट आम्हांला त्याचे समाधान वाटे. मोठ्याकडून घेऊन लहानाला दिले, यात पाप कसले?

एके दिवशी एका कामगाराने आपले बिल वाचले. वाचणारे रुग्ण फार थोडे असत. तो म्हणाला, “साहेब, मला इंजेक्शने तीन दिली. येथे पाच लिहिली आहेत.” मी त्याच्याकडे न पाहताच म्हणालो, “अहो, कंपनी देणार आहे. तुम्हांला काय त्याचे?” तो थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने सही केली आणि गेला.

वाचकहो, त्या दोन इंजेक्शनांचे पैसे गरिबांच्याच कामी आले असतील. पण त्या माणसाला मी खिडकीशी उभे करून जे शिकविले ते कशाने भरून निघाले? तो खरे सांगावयास आला होता. मी त्याला सांगितले की, पैसे देणारा समोर नसेल तर खऱ्याची गरज नाही. पुढच्या वेळी त्याने बिल वाचले नसेल. भाच्याने जेव्हा त्या अमेरिकेतील बाईचे शब्द मला सांगितले, “मिळतेच आहे तर पाठवून द्या”, तेव्हा मला तो कामगारच आठवला. ती बाई काही लोभी नव्हे. तिने आधी खरे सांगितलेच होते की जुनी चांगली आहे. तिलाही कोणी तरी, कधी तरी, एखाद्या खिडकीशी असेच शिकविले असेल. शिवाय ही फुकटची नळी पुरती फुकट नसते. २० टक्के वाटा कोणीतरी भरतोच. आणि खासगी विम्यात, आरंभीची रक्कम भरून झाली नसेल, तर नळीची सारी किंमत रुग्णाच्याच माथी येते. बाजारात ती स्वस्त मिळाली असती हे त्याला बिल आल्यावर कळते.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे यार्देनेच्या काठी जकातदार आले, त्याची कथा लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले. लोकांचा त्यांच्यावर राग होता. योहानाने त्यांना जकातीचे नाके सोडून येण्यास सांगितले असते तर जमावाने आनंदच मानला असता. त्याने तसे सांगितले नाही. नेमून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच तो म्हणाला. या उत्तराचा आधार मी माझ्या नोकरीत पुष्कळदा घेतला आहे. आता वाटते की मी ते अर्धेच वाचले होते. नेमून दिलेले तेवढे घ्या, म्हणजे नेमून दिलेले सगळे घ्या असे नव्हे. ज्याच्या गाढवावर माल नाही त्याच्याकडून केवळ दर ठरला आहे म्हणून जकात घेता येत नाही. तीन महिन्यांना एक नळी हा दर आहे. माल आहे की नाही ते प्रत्येक वेळी पाहावे लागते, आणि पाहण्याचे हे काम कंटाळवाणे असल्यामुळेच ते पहिल्याने बंद पडते.

एक गोष्ट मला फार बोचते. हीच योजना रुग्णाकडे मात्र अत्यंत बारकाईने पाहते. यंत्र मिळाल्यावर पहिल्या तीन महिन्यांत सलग तीस दिवसांचा असा एक काळ दाखवावा लागतो की, त्यातील ७० टक्के रात्री रुग्णाने ते किमान चार तास वापरले. यंत्रच त्याचे तास मोजून कळविते. जो यात बसला नाही त्याचे यंत्र बंद होऊ शकते. आता ज्या रुग्णाच्या थंड खोलीत नळीत पाणी साचते, जो रात्री दोनला ओला मुखवटा काढून फेकतो, तो चार तास कोठून भरणार? त्याला तापणारी नळी वेळेवर मिळाली तर कदाचित भरतील. म्हणजे एका घरातील कपाटात न उघडलेल्या नळ्यांचा ढीग आणि दुसऱ्या घरात नळीवाचून निसटणारा उपचार, या दोन्ही गोष्टी एकाच कोष्टकाखाली शेजारी शेजारी असू शकतात. जास्तीच्या नळीने कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारले तर मी या दुसऱ्या घराकडे बोट दाखवीन. साऱ्या दाव्यांचे पाणी एकाच विहिरीतून येते. शिवाय खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठी वाढविलेल्या प्रत्येक अटीचा जाच आधी त्यालाच होतो, ज्याला कागद जमविण्याचे त्राण नाही.

मी एवढे सारे बोललो तेव्हा भाचा म्हणाला, “मामा, हे पुरवठादाराला सांगा. मी कोड घालणारा. नळी लागते की नाही हे ठरविणे माझे काम नव्हे. आमचे साहेबही हेच सांगतात.”

साहेब चूक सांगत होते असे नाही. कामाची वाटणी अशीच असते. परंतु अमेरिकेत खोट्या दाव्यांविरुद्धचा जो कायदा आहे तो या बाबतीत मोठा विचार करावयास लावणारा आहे. तेथील यादवी युद्धाच्या काळात, १८६३ साली, लष्कराला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांना लगाम घालण्यासाठी तो झाला. १९८६ साली त्यात सुधारणा झाली आणि “जाणूनबुजून” या शब्दाची व्याख्या करण्यात आली. ज्याला प्रत्यक्ष माहीत आहे तो जाणूनबुजून करतो, हे उघडच आहे. पण जो माहीत होऊ नये म्हणून मुद्दाम डोळे मिटतो, आणि जो खऱ्या-खोट्याची बेफिकिरी करतो, तोही जाणूनबुजून करणाराच, असे तो कायदा म्हणतो. संसदेने केलेल्या कायद्यात माणसाच्या मनाची इतकी ओळख क्वचितच सापडते. हैदराबादच्या मेजावर बसलेल्या मुलाला तो कायदा कितपत लागू पडेल ते वकील जाणोत. मला त्यातील न्याय पटतो. ज्याने नोंद वाचली नाही त्याचे एक वेळ सोडा. माझ्या भाच्याने वाचली होती.

नोकरी सोड, असे मी त्याला सांगितले नाही. ते सांगणे मला फुकट होते. पिंपरीच्या घराचा हप्ता माझी बहीण आणि तो भरतात, मी नव्हे. आणि तो उठून गेला तर त्या खुर्चीवर जो बसेल तो कदाचित नोंद वाचणारच नाही. मी त्याला एवढेच विचारले की, दावा पुढे न पाठविता थांबवून ठेवण्याची काही सोय तुमच्याकडे आहे काय? तो म्हणाला, “आहे. शंका लिहून पुरवठादाराकडे परत पाठविता येतो.” म्हटले, “मग शंका लिही. कोणावर आरोप करू नकोस. नोंदीत आहे तेवढेच लिही : आधीची नळी चालू असल्याचे रुग्णाने सांगितले आहे, तरी काय करावे ते कळवावे.”

त्या बाईचा दावा तर गेला होता. तो दुरुस्त करण्यासाठी त्याने परत कळविले, आणि पुढच्या आठवड्यापासून तो नोंदी उघडून पाहू लागला. हे वाटते तितके सोपे नाही. नोंदीचा रकाना पडद्यावर आपोआप दिसत नाही. तो वेगळा उघडावा लागतो, आणि प्रत्येक उघडण्यात वेळ जातो. रात्रीचा आकडा ठरलेला असतो. जानेवारीत त्याचा आकडा घसरला आणि महिन्याची जादा रक्कम गेली. साहेबांनी त्याला बोलावून विचारले. तो म्हणाला, मी नोंदी वाचतो. साहेब काही बोलले नाहीत. तेही मला वाईट लक्षण वाटले नाही. अकरा दिवसांनी पुरवठादाराचे उत्तर आले की, त्या बाईच्या दाव्यातून नळी काढून टाकावी. नळी मात्र तिच्या घरीच राहिली. ती परत मागण्याची सोय कोणाच्याच कोष्टकात नव्हती.

उपासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात एका मध्यरात्री त्याचा फोन आला. त्याची जेवणाची सुटी होती.

“मामा, आज एकाहत्तर फायली आहेत. आतापर्यंत चौदा उघडून वाचल्या. बाकीच्यांचे मी काय करू?”

मी विचारले, “चौदांत काय निघाले?”

“बारा ठीक होत्या. एकीत एक म्हातारे गृहस्थ आहेत. नळीत पाणी भरते, झोप लागत नाही, असे त्यांनी तीनदा फोन करून सांगितले आहे. डॉक्टरांनी तापणारी नळी लिहून दिली आहे, आणि आमच्याकडे साधी लागली आहे. दर वेळी साधीच जाते. आज कोणी नोंद उघडली नसती तर ए-७०३७ घालून आम्ही पुन्हा पुढे पाठविले असते. मी ते वर कळविले आहे. त्यांचे तीन महिने संपायला नऊ दिवस राहिले आहेत.”

“आणि चौदावी?”

पलीकडे घंटा वाजल्याचा आवाज आला. त्याची सुटी संपली होती. “उद्या सांगतो,” तो म्हणाला.